ताक प्यायलेला कढीपत्ता

कुंडीतली माती ओलीचिंब होती, तरी कढीपत्ता तहानेने मरायला टेकल्यासारखा मान टाकून उभा होता. मल्लिकाला हे कोडं काही केल्या सुटेना.

ध्रुववृत्तापलीकडच्या त्या वस्तीत हिवाळाभर सूर्य उगवत नसे. उन्हाळ्यात आई या झाडाला आंबट ताक घालायची. तशी घरची रीतच होती. थंडी पडायच्या आधी आई वारली. झाड घरात आलं आणि मल्लिका रोज सकाळी न चुकता पेलाभर ताक ओतू लागली.

आबा, म्हणजे आईचे वडील, वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी खोडाला नखाएवढा रसमापक (खोडातून चढणारं पाणी मोजणारं यंत्र) चिकटवला. त्याला जोडलेल्या पडद्यावरची रेघ सपाट राहिली.

"बिघडलाय तुमचा रसमापक."

"तो ठणठणीत आहे. झाडच पाणी पीत नाहीये."

"रोज देते की मी!"

"तेच तर. अगं, पाणी वर ओढतात ती पानं. बाष्पोत्सर्जन (पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडणं) चालू असलं तरच खालचं पाणी वर चढतं. इथे ऊन नाही, माती गार. उष्ण देशातलं हे झाड अशा वेळी काम थांबवून झोपतं."

"मग ताक गेलं कुठे?"

"मातीतच साचलं. मातीच्या कणांमध्ये हवा असते, मुळं तिच्यातून श्वास घेतात. तिथे पाणी भरलं. त्यात ताकावर जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे जीव) माजले, त्यांनी उरलेली हवाही संपवली. पाहुण्याला आग्रहाने वाढलंस आणि त्याचं नाक दाबलंस! मुळं कुजली. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून ओल्या मातीत झाड तहानलं."

"म्हणजे मी मारलं."

आबांनी झाड उपटून काळी, बुळबुळीत मुळं कापली. एका बाजूला थोडी पांढरी मुळं उरली होती. ती त्यांनी कोरड्या, भरड मातीत लावली आणि वर दिवा टांगला.

"बोट खुपसून बघायचं. आतपर्यंत कोरडं लागलं, तरच घोटभर पाणी. एरवी काही नाही."

"मग रोज सकाळी मी काय करू?"

सूर्य परतल्यावर कदाचित पालवी फुटेल, एवढंच आबा म्हणाले.

ती पालवी आईने पाहिलेली नसेल, हे मल्लिकाच्या लक्षात आलं. तिने उठून दिवा झाडाच्या जरा जवळ ओढला.