रविवारचा बेत

अरुंद रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, की ज्याच्या पाठीमागे रुंद जागा जवळ असेल त्यानं मुकाट मागे जायचं, हा इंग्लंडच्या उत्तर टोकाला असलेल्या आमच्या नॉर्थम्बरलंडमधला नियम. तो कुठे लिहिलेला नाही, पण मोडला तर गावभर बोभाटा होतो. मार्चमधल्या त्या बुधवारी बारीक पाऊस चालू होता. माझ्या मागे अर्धा मैल नुसतं काटेरी कुंपण, आणि समोरच्या हिरव्या गाडीच्या मागे वीस पावलांवर चांगला रुंद कोपरा. तरी ती गाडी हलेना. मी फिरतं वाचनालय चालवते. दोन हजार पुस्तकं पाठीवर घेऊन मी मागे जाणार नव्हते.

शेवटी काच खाली आली. लालसर केसांचा एक तरुण डोकं बाहेर काढून म्हणाला, "माफ करा, पण... मला मागे जाता येत नाही."

"गाडी बिघडलीय का?"

"गाडी ठणठणीत आहे. माझंच जमत नाही."

मी उतरले, त्याला बाजूला सरकवलं आणि त्याची गाडी स्वतः मागे नेऊन लावली. मागच्या सीटवर खोक्यात एक आजारी कोंबडी होती. तेवढ्या वीस पावलांत कळलं ते असं: त्याचं नाव विल्फ ऑल्डस, वाढला लेस्टर शहरात, आणि आमच्या म्हाताऱ्या गुरांच्या डॉक्टर मिसेस डॉड्स यांचा गुडघा दुखतो म्हणून जूनअखेरपर्यंत त्यांच्या जागी आलेला. त्यानं तीनदा आभार मानले. मी त्याला चर्चच्या मोकळ्या आवारात सराव करायला सांगितलं, जरा कडकच आवाजात. पुढच्या गावापर्यंत मी एकटीच हसत होते, हे मात्र माझ्या लक्षात आलं.

पंधरा दिवसांनी तो वाचनालयाच्या गाडीत आला आणि नकाशा घेऊन गेला. पुन्हा पंधरा दिवसांनी तो परत करून दुसरा घेतला. मग तिसरा. कुणालाही इतके नकाशे लागत नाहीत. माझ्या वाचक बायकांनी तो येण्याच्या वेळेला यायला सुरुवात केली, म्हणजे त्यांनाही ते कळलं होतं. मला तो आवडायला लागला होता. मी बुधवारी सकाळी केस धुवायला लागले, याला दुसरं काही कारण नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला तो पायरीवर उभा राहून म्हणाला, "शेवटच्या रविवारी मला सुट्टी आहे. तीन महिने हा किनारा मी गाईंच्या मागून पाहिला. एकदा पुढून बघायचाय. अख्ख्या दिवसाचा बेत ठरवून दे ना."

मग जाता जाता, नकाशाची घडी घालत, त्यानं बाकीचं सांगितलं. डेव्हनहून कायमची नोकरी चालून आली होती. उत्तर त्याच रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचं होतं. मिसेस डॉड्सही इथेच राहा म्हणत होत्या. त्याचं काही ठरलेलं नव्हतं.

डेव्हन म्हणजे देशाचं दुसरं टोक, चारशे मैलांच्या वर. मला अंतरं पाठ असतात. "बघते," एवढंच मी म्हणाले.

बेत आमच्या स्वयंपाकघरात ठरला, कारण मोठा नकाशा पसरायला मोठं टेबल लागतं आणि ते आमच्याकडे आहे. मी आणि बाबा, दोघंच राहतो. बाबांनी चाळीस वर्षं खेकडे पकडले. आता ते शेगडीजवळ बसून रेडिओ ऐकतात आणि न विचारलेलं बोलत नाहीत. पहिल्या संध्याकाळी ते "हा का तो गुरांचा डॉक्टर" एवढंच म्हणाले आणि त्याला मोठ्या मगात चहा दिला. पाहुण्यांना ते लहान कपात देतात.

विल्फला दहा ठिकाणं बघायची होती. मी पाच कापली. आठला निघायचं, आधी चेव्हियट टेकड्यांच्या दरीत जायचं, कारण सकाळी किनाऱ्यावर धुकं असतं. दहाला समुद्राकडे उतरायचं, बॅम्बरोच्या किल्ल्याखालच्या वाळूवर चालायचं, बंदरात धुरी दिलेले मासे पावात घालून खायचे, दुपारी ईडर बेट, आणि आतल्या रस्त्यानं सातला घरी.

"किल्ल्याला फक्त वीस मिनिटं?" तो म्हणाला.

"किल्ला आहे. कुठे पळत नाही."

"आणि इथे पाऊण तास? इथे तर नकाशावर काहीच दिसत नाही."

"तिथे स्वच्छतागृह आहे."

"काय पण रसिक बाई आहेस."

"घाई लागलेल्या माणसाला समुद्र दिसत नाही," मी म्हणाले, आणि तो इतका हसला की त्याचा गुडघा टेबलाखाली माझ्या गुडघ्याला लागला... आणि तिथेच राहिला. मी पेन्सिलीला टोक काढत बसले. तिला टोक होतं.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "आणि गाडीत कोण कोण?"

"तू."

"मग काही चुकलं तर मी कुणाला बोलू? बेत करणारी गाडीत हवी."

"रविवारी मी कपडे धुते."

त्यानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि कागदाच्या तळाशी लिहिलं, 'धुणं – सोमवारी.' मी ते खोडलं नाही.

राहिलं होतं ईडर बेट. तिथे जायचा रस्ता समुद्राच्या तळावरूनच जातो. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला बुडतो. भरतीच्या वेळांचा बंदर कचेरीचा तक्ता आमच्या भिंतीवर असतो. आमच्याकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, पण तक्ता वर्षभर हिवाळी वेळेतच छापलेला, म्हणून मार्च ते ऑक्टोबर त्यात एक तास मिळवायचा. हे मी शाळेत जायच्या आधी शिकले. बाबा त्या संध्याकाळी पबमध्ये पत्ते खेळायला गेले होते. तक्त्यात रस्ता तीनला बुडत होता. मी एक मिळवला, चार लिहिलं. साडेतीनला निघायचं, म्हणजे अर्धा तास हाताशी.

रविवारी सगळं मिनिटाला धरून झालं. दरीत मेंढ्या रस्त्यात बसल्या होत्या, त्यासाठीही मी दहा मिनिटं ठेवली होती. डेव्हनचं नाव दोघांनीही काढलं नाही. तो प्रत्येक थांब्यावर घड्याळ बघत होता आणि मी पाचला किती तास उरले ते मोजत होते. बॅम्बरोच्या वाळूवर वारा बोचरा होता. मी हातमोजे विसरले होते. त्यानं माझा हात धरून आपल्या कोटाच्या खिशात घातला आणि आम्ही तसेच किल्ल्याखालून पुढे गेलो. वीस मिनिटं फारच कमी ठेवली, असं मला तेव्हा वाटलं.

बेटावर चहा घेतला, खडकांवर लोळणारे सील बघितले, आणि बरोबर साडेतीनला गाडी रस्त्याला लावली. रस्ता नव्हता. पाणी होतं, आणि त्यातून वर आलेले खुणेचे खांब.

मी उतरून पाण्यापर्यंत गेले आणि परत आले. दर उन्हाळ्यात कुणीतरी परगावचे लोक इथे अडकतात, वर्तमानपत्रात त्यांच्या बुडत्या गाडीचा फोटो येतो आणि आम्ही तो बघून हसतो. मी फोनमध्ये तक्त्याचा फोटो काढून ठेवला होता. तो मोठा करून पाहिला. खाली बारीक अक्षरात छापलं होतं, यंदापासून उन्हाळी तास मिळवूनच वेळा दिल्या आहेत. मिळवलेल्यात मी आणखी एक मिळवला होता. आता रस्ता आठ चाळीसला उघडणार होता.

विल्फनं सगळं ऐकून घेतलं. "तू चुकलीस?" तो म्हणाला. "तू?"

"हो."

"मुद्दाम?"

हो म्हणायचा मोह झाला. ते सोपं होतं, आणि त्याला आवडलंही असतं.

"नाही. सवयीनं चुकले," मी म्हणाले. "पण पाणी बघून मला आधी बरं वाटलं. लाज मागून वाटली." एवढं बोलल्यावर थांबता येईना. "विल्फ, तू डेव्हनला जाऊ नयेस असं मला वाटतं. इथल्या गाईंसाठी नाही, मिसेस डॉड्ससाठी नाही. मला तू इथे हवा आहेस. एवढा मोठा बेत केला, त्यात हे कुठे लिहायचं तेच मला कळलं नाही."

तो खांबांकडे वळला. वाऱ्यानं त्याचे केस डोळ्यांवर येत होते आणि तो ते बाजूला करत नव्हता.

"मला वाटलं, तू मला निरोप देतेयस," तो म्हणाला. "आठ ते सात, मिनिटामिनिटाचा. दर वेळी मी ठरवून यायचो, आज ही काही बोलली तर राहायचं. आणि तू म्हणायचीस, नकाशा वेळेत परत कर."

"मग तूच का नाही बोललास?"

"घाबरलो. तू 'नाही' पण वेळेवर म्हणाली असतीस."

बेटावर फोन फक्त चर्चच्या भिंतीपाशी लागतो. पाच वाजायला अजून तास होता, पण तो थांबला नाही. मी चार पावलं लांब उभी राहिले आणि ऐकू येत नसल्यासारखं दाखवलं. त्यानं डेव्हनच्या माणसाचे आभार मानले, माफी मागितली, मी इथेच राहतोय म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"हो, तसंच कारण आहे," विल्फ म्हणाला. "शेजारी उभं राहून ऐकू येत नसल्यासारखं दाखवतंय."

त्यानं फोन ठेवल्यावर मी ती चार पावलं चालून गेले आणि त्याचं चुंबन घेतलं. त्याच्या ओठांना समुद्राचं मीठ होतं. भिंतीवर बसलेल्या दोन म्हाताऱ्या पर्यटक बायकांनी सँडविच खाणं थांबवलं, मग पुन्हा सुरू केलं.

मग मी घरी फोन लावला. बाबा रविवारी सातला जेवायला वाट बघतात, त्यांना कळवणं भाग होतं. आम्ही बेटावर अडकलोय, असं मी सांगितलं. पलीकडे रेडिओ चालू होता.

"तास मिळवलास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"यंदा त्यांनीच मिळवलाय. जानेवारीत सांगितलं होतं तुला."

"विसरले."

रेडिओ बंद झाल्याचा आवाज आला.

"आणि तो? जाणार आहे का तिकडे?"

"नाही, बाबा. राहतोय."

मग भांड्यांचा आवाज ऐकू आला, कपाट उघडल्याचा.

"बरं," ते म्हणाले. "मग दोन ताटं झाकून ओव्हनमध्ये ठेवतो."