भागिले तीन

दुकानातली वीज गेली आणि मालकांनी दुपारीच घरी पाठवलं, म्हणून आमची गाठ पडली. नाहीतर एका छपराखाली राहून आम्ही म्हातारे झालो असतो, तरी भेटलो नसतो! मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. सकाळी साडेआठला बाहेर पडते, सहाला परत येते. शेजारच्या खोलीतला तो इस्पितळातल्या लिफ्ट दुरुस्त करतो. दुपारी दोनला जातो आणि मी झोपल्यावर येतो. घरात दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि दोघांत मिळून एकच मीटर. माझी सुट्टी रविवारी, त्याची मंगळवारी. महिनाभर त्याची ओळख म्हणजे मोरीतला ओला साबण आणि दाराशी नीट जोडून ठेवलेल्या चपला, एवढीच.

त्या दुपारी जिन्याखाली एक माणूस दातांत टॉर्च धरून मीटर वाचत होता.

"मीटरवाले ना तुम्ही? परवाच येऊन गेलात की."

त्याने टॉर्च तोंडातून काढला. "मीटरवाला नाही. मी तुमच्या बिलाचा निम्मा."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं असावं, कारण माझं मलाच ते ऐकून नवल वाटलं. तेव्हापासून मी त्याला 'निम्मे' म्हणू लागले.

"हे बघा निम्मे, मी दिवसभर घरात नसते. मग मी अर्धं बिल का भरायचं?"

"भांडा की. पण चहा घेता घेता भांडा."

चहा त्याने फक्कड केला. देताना कपाचा कान माझ्या बाजूला फिरवून दिला. मी भांडायचं विसरले... आणि चहा अर्धा झाला तोच त्याची नजर माझ्या खोलीच्या बंद दाराकडे गेली. चेहरा एकदम उतरला.

"तुम्हाला आत जायचं असेल," तो म्हणाला आणि कप विसळायला उठला.

आता खरं सांगायचं, तर भांडायला मला तोंडच नव्हतं. सकाळी निघताना मी खोलीतला दिवा आणि रेडिओ चालूच ठेवून जायचे. रोज. संध्याकाळी कुलपात किल्ली फिरवताना आतून कुणी बोलत नसलं, की माझा पाय उंबऱ्याच्या आत पडायचा नाही. आई फोनवर विचारायची, "करमतं ना गं?" मी म्हणायचे, "मजेत आहे." मजा कसली, कप्पाळ! रविवारी तर अख्ख्या दिवसात भाजीवाल्याशी 'पाव किलो द्या' एवढंच बोलणं व्हायचं.

महिन्याच्या शेवटच्या तारखेला मी दुकानात उशिरा जाऊ लागले. मीटर वाचायचा असतो, असं मालकांना सांगितलं. पाच आकडे वाचायला असा कितीसा वेळ लागतो? आम्हाला तासभर लागायचा.

"तुम्ही आकडा सांगा, मी लिहितो."

"अंधार आहे, दिसत नाही."

"चष्म्याच्या दुकानात असून?"

"दुकान चष्म्याचं आहे हो, डोळे माझेच आहेत."

तो हसायचा. हिशेबाला मात्र इतका काटेकोर, की बारा पैसेसुद्धा पुढच्या महिन्यात वळते करायचा. टॉर्चच्या उजेडात त्याची ग्रीस लागलेली नखं दिसायची आणि मला उगाचच ती पुसून द्यावीशी वाटायची. पण हसता हसता तो मध्येच एक पाऊल मागे सरकायचा. माझ्यातच काही खोट असणार, अशी मी समजूत करून घेतली.

सहाव्या महिन्यात स्वयंपाकघरात बिलाखाली चिठ्ठी सापडली.

'एक तारखेला खोली सोडतोय. काकूंना कळवलं आहे. शेवटचं बिल भागिले तीन. तुमचे दोन, माझा एक. तेच न्यायाचं होईल.'

काकू म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. पहिली ओळ मी तीनदा वाचली. तिसरी वाचून मात्र मी भडकले. भडकणं सोपं होतं ना! दुकानात निरोप धाडला आणि त्याच्या दारावर थाप मारली.

"तीन कुठून आणलेत? दोन माणसांचे तीन भाग?"

तो डोळे चोळत उभा. "हे बघा, मला बोलायचं नव्हतं. पण तुमच्याकडे ते असतात... त्यांचाही भाग धरायला हवा ना?"

"ते कोण?"

"दिवसभर बोलत असतात की. भारदस्त आवाज आहे. मध्येच गाणी लावतात. दर तासाला जगाच्या बातम्या सांगतात... मला वाटलं, फार माहितीतला माणूस आहे. नोकरी मात्र नसावी."

मी भिंतीला टेकले. हसू आवरेना, आणि कधी रडू फुटलं ते कळलंच नाही.

"अहो, रेडिओ आहे तो! कुणी नाहीये तिथे. कुणीसुद्धा नाही. घरी आल्यावर कुणीतरी बोलत असावं म्हणून लावून ठेवते. झालं समाधान?"

तो तिथेच जमिनीवर बसला.

"सहा महिने," तो म्हणाला. "सहा महिने मी त्या माणसावर जळतोय. आता सहन होईना, म्हणून चाललो होतो."

"मग जाऊ नका."

"काकूंनी खोली दिलीसुद्धा. एक तारखेला नवे लोक येताहेत."

काकूंकडे आम्ही दोघं जाऊन आलो. एका शब्दाने बधल्या नाहीत.

शेवटच्या रविवारी त्याने सुट्टी बदलून घेतली आणि मी त्याच्याबरोबर दुसरी खोली बघायला गेले. खोली बरी होती, उजेड भरपूर. पण खिडकीत उभी राहून मी तो गेल्यानंतरच्या माझ्या दिवसांचाच विचार करत होते. घरमालक शिंपी, गळ्यात टेप. त्यांनी वही उघडली.

"वीज माणशी धरतो आपण. कितीजण राहणार?"

"एक," तो म्हणाला. खाली मान घालून.

शिंप्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि या?"

तो वहीकडे बघत राहिला. काय बोलणार बिचारा! पण आता मी गप्प बसले असते, तर जन्मभर गप्पच बसले असते.

"सध्या एक लिहा," मी म्हणाले. "लग्नानंतर दोन."

"अरे वा! लग्न कधी?"

त्याने झटकन माझ्याकडे पाहिलं. कान लालबुंद झालेले.

"मलाही आत्ताच कळतंय," तो शिंप्यांना म्हणाला. "पण तुम्ही आजपासून दोनच लिहा. जास्तीचं मी भरीन."