दोन रिकामे खिळे

ओतिल्याने खाणीची तिकीटखिडकी उघडली, तर समोर बर्फाने पांढराफटक झालेला एक उंच तरुण.

“नवीन का तू? बिल्ला दे माझा.”

“आधी तिकीट काढा.”

तो खो खो हसत सुटला. “अगं, मीच नेतो लोकांना खाली! गेरार्ड.”

तिचे कान लाल झाले... आणि दिवसभर तसेच राहिले.

गावातली कोळशाची खाण बंद पडून वर्षं लोटली होती. आता तिथे प्रवासी यायचे, काळ्या भिंतीत कोरलेली, खाणकामगारांची रक्षणकर्ती संत बार्बारा पाहायचे आणि वर येऊन बीटचं गरम सूप प्यायचे. जुना नियम मात्र कायम होता. खाली जाताना पितळी बिल्ला घ्यायचा, वर आलं की तो फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा. फळी भरल्याशिवाय खिडकी बंद करायची नाही.

ओतिल्या कधीच खाली उतरली नव्हती. तिच्या बाबांचा बिल्ला परत आला नव्हता.

“चल ना एकदा,” गेरार्ड रोज म्हणायचा. “हात धरीन की.”

“हात धरायला खाली कशाला जायला हवं?” ती बोलून गेली आणि तिने जीभच चावली.

त्या संध्याकाळी शेवटचे प्रवासी परतले. फळी भरली... एक खिळा सोडून. गेरार्डचा! त्याचा कोट खुर्चीवर होता आणि फोन कोटाच्या खिशातच वाजत होता. तिने बचाव पथकाला कळवलं. रस्त्यावर बर्फ आहे, वेळ लागेल, असं उत्तर आलं. बाबांच्या वेळीही सगळे वाटच बघत बसले होते.

तिने स्वतःचा बिल्ला काढला, दिवा घेतला आणि जीव मुठीत धरून पायऱ्या उतरू लागली.

“गेरार्ड!”

अंधारातून तिचाच आवाज परत आला. कुठेतरी पाणी ठिबकत होतं, डोक्यावर लाकडं करकरत होती. तरीही तिला मागे फिरावंसं वाटेना. तेवढ्यात मागून धावती पावलं आली... तिने किंकाळीच फोडली.

“ओतिल्या! अगं, मी आहे, मी!”

“तू... वरून?”

“एका आजींना चक्कर आली. त्यांना मागच्या दाराने काढून दवाखान्यात नेलं. त्यांचा बिल्ला इतरांबरोबर वर पाठवला, पण माझा खिशातच राहिला.” तो धापा टाकत होता. “परत आलो, तर तुझाही खिळा रिकामा!”

“मूर्खा! मेले असते मी भीतीने!” तिने त्याच्या छातीवर मूठ मारली आणि तिथेच रडू लागली.

“लागलं नाही ना तुला?” तो घाबराघुबरा होऊन पुन्हा पुन्हा विचारत होता. तिला नवल वाटलं.

“तू तर रोज उतरतोस इथे... तुला कसली भीती?”

“आजवर नव्हती वाटली,” गेरार्ड हळूच म्हणाला. “आजवर तू खाली नव्हतीस ना.”

तिने दिवा खाली ठेवला आणि त्याला घट्ट मिठी मारली.