टाकीबाहेरची राखण

तळघरातल्या जुन्या टाकीवर टकटक करायची नाही, आणि का ते विचारायचं नाही. ठिणगी आजोळी निघाली तेव्हा आईनं फोनवर हे पुन्हापुन्हा बजावलं. ठिणगी हे तिचं घरातलं नाव, आणि ते उगाच पडलं नव्हतं. ‘विचारू नकोस’ म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

सुट्टीभर ती गळ्यात कॅमेरा अडकवून लहानसहान घरगुती वायनऱ्या पाहत हिंडत होती. जांभळी झालेली नखं, उन्हात पालथी घातलेली पिंपं, पाहुण्याच्या हातात पहिला पेला देताना मालकिणीचा रोखून धरलेला श्वास, सगळं तिनं टिपलं होतं. एक रीत मात्र सगळीकडे सारखी. आंबलेला रस काढून घेतला की लाकडी टाकीच्या तळाशी चोथा उरतो. तो उपसायला खालच्या इवल्याशा दारातून कुणीतरी बारीक अंगाचं आत शिरतं. आत वायू साचलेला असतो. माणूस हूं की चूं न करता झोपी जातं. म्हणून बाहेर एक जण राखणीला उभा राहतो. तो टाकीवर टकटक करतो, आतलं माणूस टकटक करून उत्तर देतं. उत्तर आलं नाही की तडक आत हात घालून पाय धरून ओढायचं.

शेवटचा मुक्काम आजोळी, मामांच्या वायनरीत. आई लग्नानंतर इकडे कधी फिरकली नव्हती, त्यामुळे ठिणगीही पहिल्यांदाच येत होती.

“फोटोंनी पोट भरतं का गं?” थोरल्या मामानं जेवताना विचारलं.

“नाही. पण सकाळी डोकंही दुखत नाही, तुमच्या वाइनसारखं.”

धाकटा मामा खुदकन हसला. थोरल्याकडे पाहून त्यानं हसू गिळलं.

जेवणानंतर दोघांचा डोळा लागला तशी ती तळघरात उतरली. वर रखरखीत ऊन होतं आणि इथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. टॉर्चच्या उजेडात पोलादी टाक्या चकाकल्या. त्यांच्यापलीकडे, कोपऱ्यात, जुनी टाकी. फळ्या वाळून फाकलेल्या, दाराला बाहेरून गंजलेली कडी. तिनं कॅमेरा स्टँडवर लावला, राखणदारासारखी टाकीला टेकून उभी राहिली आणि इतके दिवस पाहिलेली रीत हातानं आपसूक केली.

टकटक.

आतून उत्तर आलं.

उंदीर असेल, ती मनाशी म्हणाली. तेवढ्यात कोरड्याठाक फळ्यांमधून वास आला, नुकत्याच चिरडलेल्या द्राक्षांचा, ओला, गोडसर. मग पुन्हा टकटक. या वेळी खाली, दाराशी. घाईघाईची.

ती धापा टाकत वर आली. दोघे मामा टेबलाशी जागे बसले होते. काय झालं, असं कुणी विचारलं नाही.

“वाजवलंस?” थोरला म्हणाला.

“आत कोण आहे?”

“म्हणजे... उत्तर आलं,” थोरला स्वतःशीच म्हणाला.

धाकट्यानं डोळे मिटले. “ताई,” तो पुटपुटला. “तुझी मावशी.”

“मावशी परदेशात आहे.”

“तसं सांगितलं सगळ्यांना. घरात तीच बारीक होती... ती आत गेली. राखणीला दादा होता. गिऱ्हाईक आलं म्हणून हा वर आला, आणि गप्पांत रमला. खाली गेला तेव्हा...”

“तेव्हा टकटक थांबली होती,” थोरला म्हणाला. “बोभाटा झाला असता तर धंदा बुडाला असता. मी तसंच दार लावून कडी घातली.”

“आत हात घालून ओढलं नाहीत?”

त्यानं दोन्ही तळवे टेबलावर पालथे टेकले. “हे बघ पोरी. एकदा वाजवलं की तिला वाटतं, राखणीला कुणीतरी आहे. मागे एका गड्यानं असंच वाजवलं आणि तो घरी निघून गेला. सकाळी अंथरुणात सापडला. नाकातोंडात द्राक्षाच्या साली होत्या. ज्यानं वाजवलं त्यानंच बसायचं, ती थांबेपर्यंत वाजवायचं. चल, खाली. मोठ्यांचं ऐकावं.”

ठिणगीनं खुर्ची ओढून घेतली. ती तिच्यात ठाण मांडून बसली.

“नाही,” ती म्हणाली. “राखणीला मला उभं केलं नव्हतं, मामा. तुम्हाला केलं होतं. तुम्ही जा. आणि वाजवू नका आता, दार उघडा.”

थोरल्यानं तळवे टेबलावर आणखी दाबले.

तेवढ्यात टकटक ऐकू आली. तळघरातून नाही. टेबलाच्या फळीखालून, थोरल्या मामाच्या हाताच्या बरोब्बर खालून.

चटका बसावा तसे त्यानं हात उचलले. लाकडावर एक तळवा उमटला होता, ओला, जांभळा. त्याच्या हाताहून पुष्कळ लहान. आणि बोटं त्याच्याकडे वळलेली.