उसने कान

हबीबगंज स्टेशनचं नाव बदलून राणी कमलापती झालं त्यालाही आता काही वर्षं लोटली, पण भेटायची जागा सांगताना भोपाळचा माणूस अजून हबीबगंजच म्हणतो. शमिकानेही तसंच कळवलं होतं. डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात ती स्टेशनबाहेरच्या चहावाल्यापाशी वेळेआधीच येऊन उभी होती.

जुना हेडफोन विकणारा माणूस कसा असेल, याचा तिने फारसा विचार केला नव्हता. पण तो खोका दोन्ही हातांत प्रसादासारखा धरून येईल, असं मात्र वाटलं नव्हतं.

"आप... हेडफोन?" त्याने विचारलं.

"जी. और आप भी... हेडफोन," ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. "हो आई, भेटला... नाही गं, लफंगा वगैरे नाही दिसत. बरा आहे... हो, मटार आणते."

तिने फोन ठेवला. समोरचा तरुण मराठीत म्हणाला, "आभारी आहे. लफंगा नाही म्हटल्याबद्दल."

शमिकाला कुठे तोंड लपवावं कळेना. म्हणून तिने त्याच्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघितलं. कानही लाल झाला होता. डाव्या कानाची वरची कड एका जागी किंचित दुमडलेली... पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडावा तशी.

त्याचं नाव परीक्षित. ग्वाल्हेरचा. मंडीदीपच्या एका कारखान्यात मीटर खरं दाखवतात की खोटं, ते तपासायची नोकरी होती. नोकरी लागली आणि कंप्युटरवर खेळायला वेळ उरला नाही, म्हणून हेडफोन विकायला काढला होता.

"यात सराउंड आहे," तो म्हणाला. "चारी बाजूंनी आवाज येतो."

"पण स्पीकर तर दोनच. मग मागचा आवाज मागून कसा येईल?" शमिका कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घ्यायची. असल्या वाक्यांना ती सोडत नसे.

त्याचे डोळे चमकले. "कानाला फसवायचं! मागून आलेला आवाज कानाच्या घड्यांवर आपटून जरासा बदलतो ना? तो बदल कंप्युटर आधीच करून देतो. मग मेंदू म्हणतो, अरे, हा तर मागून आला!"

"म्हणजे दोन स्पीकर आणि एक थाप."

"एकदम सही थाप. लावून बघा. नाही जमलं तर चिंता नको करू... म्हणजे, करू नका. मी आहे ना."

नाहीच जमलं.

शमिकाचा धाकटा भाऊ यश नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून दोघं दर रविवारी ऑनलाइन एकत्र खेळत. खेळ बंदुकांचा असला तरी तो जिंकायचा कानांवर. शत्रूची पावलं कुठून येतात ते ओळखता आलं पाहिजे. नव्या हेडफोनने डावं-उजवं नीट कळायचं, पण मागून येणारा माणूस तिला समोर ऐकू यायचा. ती समोर बंदूक रोखून उभी, आणि गोळी पाठीत.

"ताई, तू कोणाच्या बाजूने खेळतेयस?" यश ओरडायचा.

तिने परीक्षितला मेसेज केला. पुढच्या शनिवारी कामावरून सुटल्यावर तो थेट अशोका गार्डनला त्यांच्या घरी हजर. कंप्युटरसमोर बसून त्याने सेटिंग उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"विंडोजमध्ये पण सराउंड चालू, गेममध्ये पण चालू?"

"दोन असले तर जास्त चांगलं ना?"

"एकदा फोडणी दिलेल्या वरणाला पुन्हा फोडणी देता का तुम्ही?"

"मुळीच नाही!" स्वयंपाकघरातून शशिकलाबाईंचा आवाज आला. आई मटार सोलतेय एवढंच शमिकाला वाटत होतं.

त्याने दोन्हीकडचा सराउंड बंद केला. मग हेडफोनचं स्वतःचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, त्यात आपल्या खात्याने लॉगिन केलं आणि तेवढाच सराउंड चालू ठेवला. मग म्हणाला, "आधी तुमचे कान तपासतो. कामाची सवय. डोळे मिटा."

तिने डोळे मिटले. तो मोजे घातलेल्या पायांनी तिच्याभोवती फिरू लागला आणि मधूनच किल्ल्यांचा जुडगा हलवू लागला. ती बोट दाखवत गेली. उजवीकडे... मागे... आता समोर. एकदाही चुकली नाही. घरामागच्या रुळांवरून मालगाडी धडधडत गेली तेव्हा किल्ल्या ऐकू येईनात. तरी तिचं बोट आपसूक डावीकडे वळलं. तिने डोळे उघडले. तो तिथेच होता. जुडगा त्याच्या मुठीत गच्च, निःशब्द.

"आता तर मी वाजवलंच नव्हतं," तो हळूच म्हणाला.

शमिकाने हेडफोन उचलून डोक्यावर चढवला. त्याच्या बाजूने साबणाचा आणि गार हवेचा वास आला होता, हे सांगण्यासारखं नव्हतं.

हेडफोन लावल्यावर मात्र पुन्हा तेच. मागचं समोर. "कान ठीक आहेत," परीक्षित मान हलवत म्हणाला. "चूक माझ्याकडे आहे. पुढच्या शनिवारी बघतो."

मग शनिवार ठरूनच गेला. तो यायचा, काहीतरी बदलायचा, ती बोट दाखवून चुकायची, मग चहा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. शशिकलाबाईंच्या सोडून. "एका हेडफोनला किती वेळा यायचं माणसाने?" त्या म्हणायच्या, आणि पोहे मात्र दोन माणसांचे जास्त करायच्या.

संक्रांतीच्या अलीकडच्या रविवारी खेळताना शमिका अचानक गर्रकन वळली आणि मागून येणाऱ्याला तिने टिपलं. विचार न करताच. पुन्हा एकदा. पुन्हा.

"ताई! जादू आहे का?" यश किंचाळला.

ती आनंदाने हसली... आणि हसता हसता थांबली.

परीक्षितचा मेसेज आलेला होता. 'आज कसं?'

तिने लिहिलं, 'एकदम बरोबर.' मग त्या दोन शब्दांकडे ती बघत राहिली. हे पाठवलं की शनिवार संपला. प्रॅक्टिकलमध्ये मुलांनी खोटं रीडिंग लिहिलं तर सगळा प्रयोग पुन्हा करायला लावणारी शमिका... तिने दोन्ही शब्द पुसले. लिहिलं, 'अजून थोडं चुकतंय.'

खोट्याची गंमत अशी की एकदा मुरलं की ते आपलं आपण वाढतं. संक्रांतीचा तिळगूळ झाला, फेब्रुवारी उजाडला, आणि दर शनिवारी शमिका डोळे मिटून मुद्दाम चुकीकडे बोट दाखवत राहिली.

मग एका शनिवारी परीक्षित आला तो रिकामा खोका घेऊन.

"हेडफोन परत घेतो," तो म्हणाला. आज तो हसत नव्हता. "सगळं करून बघितलं. मी तुला वाईट वस्तू विकली, यार. तुझे पैसे परत करतो. उगाच दर शनिवारी तुम्हा लोकांना त्रास देऊन राहिलोय..."

"त्रास कसला?"

"आई म्हणतात ना, एका हेडफोनला किती वेळा यायचं."

ज्या खोट्याने तो येत होता, त्याच खोट्याने तो निघाला होता. बोलायला हवं होतं.

पण शमिका काही सांगायच्या आतच तो कंप्युटरसमोर बसला. "आधी माझं खातं काढतो." त्याने एक पान उघडलं, दुसरं उघडलं, आणि पडद्यावर एका कानाचा मोठा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'या कानानुसार आवाज बेतला आहे.'

"हा तुझा कान आहे," शमिका म्हणाली.

"कसं ओळखलंस? कान तर सगळ्यांचे सारखेच..."

"वरची कड दुमडलेली आहे ना. डावा."

परीक्षितचा हात नकळत आपल्या कानाकडे गेला. त्याने कड चाचपली. सव्वीस वर्षांत आरशालाही जे दिसलं नव्हतं, ते ही मुलगी तोंडपाठ सांगत होती. तो खुर्चीतच वळला आणि तिच्याकडे बघतच राहिला. आता शमिकाचे कान तापले.

"अरे देवा," तो एकदम म्हणाला. "दिवसभर दुसऱ्यांचे मीटर तपासतो, आणि इथे माझ्याच कानाचं माप तुला लावून बसलो! म्हणून चुकत होतं. तू इतके दिवस माझ्या कानांनी ऐकत होतीस..."

"चुकत नव्हतं," शमिका म्हणाली.

"काय?"

"मेंदू शिकतो. थोडे आठवडे दिले की दुसऱ्याच्या कानांनीही ऐकायला शिकतो." तिने हेडफोन उचलून लावला आणि डोळे मिटले. "घे परीक्षा."

हेडफोनमध्ये खेळातली पावलं वाजली. मागे. समोर. मागे, जरा डावीकडे. तिचं बोट एकदाही अडखळलं नाही. आवाज थांबले. मग कोणीतरी हेडफोनची एक बाजू अलगद बाजूला केली.

"कधीपासून?" अगदी जवळून त्याने विचारलं.

"संक्रांतीच्या आधीपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं... तर तू आला असतास?"

बाहेर रुळांवरून गाडी गेली. ती पुरती निघून जाईपर्यंत तो थांबला. उत्तर तिला नीट ऐकू जावं म्हणून.

"आलो असतो," तो म्हणाला. "काय बहाणा करू, ते मी डिसेंबरपासून शोधतोय. तू चुकत होतीस म्हणून शोधायची वेळच नाही आली."

तिने डोळे उघडले. रिकामा खोका त्याने पायाने टेबलाखाली सरकवला होता.

"आता तुझ्या कानाचा फोटो काढू?" त्याने फोन उचलला. "केस... जरा मागे..."

तिने केस मागे घेतले. एक बट सुटलीच. ती त्याने बोटाने कानामागे सारली. फोटो पहिल्यांदा हलला, दुसऱ्यांदाही हलला. तिसऱ्यांदा जमला.

"माझा कान काढून टाकू?" पडद्याकडे बघत त्याने विचारलं.

"राहू दे. मला सवय झालीये."

स्वयंपाकघरात मोहरी तडतडली. "झालं का गं एकदाचं दुरुस्त?" शशिकलाबाईंनी विचारलं.

शमिकाने परीक्षितकडे बघितलं. त्याने घाईघाईने मान हलवली. नको, नको सांगू! पण तिला आता खोटं रीडिंग द्यायचं नव्हतं.

"झालं, आई," ती म्हणाली. "आणि तो पुढच्या शनिवारी येणार आहे."