लेफ्तेरिसची जागा

त्या रविवारी सकाळी मी पाण्याचे कॅन भरून आणले, हवेच्या झरोक्याची जाळी झटकली आणि दुपारच्या खेळासाठी स्वयंपाकघरातलं टेबल पुसून ठेवलं. जानेवारीत, ऑस्ट्रेलियाच्या ऐन उन्हाळ्यात, कूबर पीडीत दुपारचं कुणी बाहेर पडत नाही. वर ऊन असं, की कुत्रीसुद्धा गाड्यांखालून हलत नाहीत. खाली आमच्या घरात मात्र बारा महिने तोच गारवा आणि तोच अंधार. टेकडी कोरून काढलेलं घर, खिडकी एकही नाही. दिवा मालवला की भरदुपारी स्वतःचा हात दिसत नाही. ही गोष्ट रात्रीची नाही, हे आधीच सांगते. आमच्याकडे त्यासाठी रात्र लागत नाही.

खेळ म्हणजे पोकर, फोनवरचा. आम्ही चौघं खेळायचो. मी, माझा नवरा लेफ्तेरिस, अ‍ॅडलेडचा मिर्को आणि पोर्ट ऑगस्टाची मर्ल. मिर्को पूर्वी लेफ्तेरिसबरोबर इथल्या खाणीत ओपलची रत्नं खणायचा. आमच्या लेकीचा, अर्गिरोचा तो धर्मपिता, त्यामुळे त्याच्या सर्बियन रीतीप्रमाणे मला ‘कुमा’ म्हणतो. मर्ल इथल्या इस्पितळात नर्स होती, निवृत्त झाल्यावर समुद्राजवळ राहायला गेली. डाव अगदी किरकोळ रकमेचा. जिंकणाऱ्याची एक बिअरसुद्धा त्यात धड सुटत नसे. पण दुसऱ्या फोनवर सगळ्यांचा आवाज चालू ठेवून एकमेकांना टोमणे मारत बसायचं, यातच खरी मजा होती. फोनवरचं टेबल आमचं खासगी. अर्धा राहिलेला डाव पुढच्या रविवारी तिथूनच सुरू व्हायचा.

नियम एकच कडक होता. एका घरातल्या दोघांनी एका खोलीत बसायचं नाही. नवराबायको एकमेकांच्या पत्त्यांत डोकावतील, हा मिर्कोचा संशय. म्हणून मी स्वयंपाकघरात आणि लेफ्तेरिस त्याने स्वतः खणलेल्या मागच्या खोलीत आपला टॅब घेऊन, दार लावून. मधे हातभर जाडीची दगडी भिंत. त्या दिवसाचा खेळ थांबेपर्यंत दार उघडायचं नाही.

एक गोष्ट मात्र मिर्कोला ठाऊक नव्हती. हातात काही नसताना लेफ्तेरिस सगळं लावून थाप मारायचा, आणि तेव्हा तो गुणगुणायचा. धड गाणं नव्हतंच ते, दोनच सुरांवर खालीवर होत राहायचा. त्याचं त्यालाही कळत नसे. आवाजाचा फोन माझ्यापाशी असायचा, त्यामुळे ते बाकीच्यांपर्यंत पोचत नसे, पण भिंतीतून मला स्पष्ट ऐकू यायचं. मी हसायचे आणि माझे चांगले पत्ते टाकून द्यायचे. मग दाराआडून तो ओरडायचा, “फसलीस! बघ, काही नव्हतं माझ्याकडे!” आणि आपले पत्ते उघडे करून सगळ्यांना दाखवायचा. इतकी वर्षं बायकोला फसवतोय, याचा त्याला केवढा आनंद होता.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी त्याची पाळी आली आणि तो खेळलाच नाही. वेळ संपली. पडद्यावर त्याचं नाव राखाडी झालं.

“झोपला म्हातारा!” मिर्को ओरडला. “कुमा, भिंतीवर एक लाथ घाल.”

“झोपू दे,” मी म्हणाले. “झोपेत जरा बरा खेळतो.”

मर्लला हसता हसता ठसका लागला. माणूस जागेवर नसला तरी यंत्र त्याला पत्ते वाटतं आणि पाळी आली की आपोआप टाकून देतं. शिवाय पत्ते बघण्याआधी दर फेरीला पाळीपाळीने पैशांऐवजी असलेल्या थोड्या चकत्या मधे टाकाव्या लागतात, त्याही त्याच्या कापल्या जातात. त्या आम्ही हसतखेळत वाटून घेत होतो. “घोर, बाबा, घोर!” मिर्को म्हणत होता.

खेळ थांबल्यावर मी दार उघडलं. तो खुर्चीतच होता, हनुवटी छातीवर टेकलेली. मर्ल अजून फोनवर होती. तिने विचारलं, “हात गार लागतोय का पोरी? किती गार?” मी सांगितलं. नर्स होती ती. आम्ही हसत होतो तेव्हाच तो गेला होता, हे तिला माझ्याआधी कळलं.

त्याचं टेबलावरचं नाव कुणीच काढलं नाही. चकत्या संपल्या की यंत्र नाव आपोआप काढतं, तोवर राहू दे, असं ठरलं. पण त्या संपू द्यायला कुणाचा हात धजेना. त्याच्या चकत्या कापल्या गेल्या की त्याची पाळी येण्याआधीच आम्ही तिघं मुकाट्याने आपापले पत्ते टाकून द्यायचो, म्हणजे त्या त्याच्याकडेच परत जायच्या. ग्रीक रीतीप्रमाणे त्याच्या चाळिसाव्या दिवसाचे उकडलेले गहू वाटून झाले, नाताळ झाला, आणि लेफ्तेरिस टेबलावर होता तसाच राहिला. अर्गिरो अ‍ॅडलेडहून विचारायची, “आई, कधी येतेस गं माझ्याकडे? घर विकून टाकू.” मी म्हणायचे, “हा डाव संपू दे.” तिला वाटायचं, मी विषय टाळतेय. मी खरंच सांगत होते. त्याचं नाव असेतो मला ते घर सोडवत नव्हतं.

जानेवारीतल्या त्या रविवारी मिर्कोने घसा खाकरला.

“कुमा, रागावू नकोस. आज खरं खेळू या. त्याला भीक घालतोय आपण. जिवंत असता तर त्याने मला चपलेने हाणला असता.”

“मिर्को बरोबर बोलतोय, पोरी,” मर्ल म्हणाली.

मी हो म्हणाले. आणखी काय म्हणणार?

त्याच्या चकत्या कमी होऊ लागल्या. प्रत्येक फेरीला मूठमूठ जात होती. आता फार तर दोन फेऱ्या, एवढ्याच उरल्या आणि त्याची पाळी आली. मी फोन उपडा ठेवणार होते, मला ते बघवत नव्हतं. इतक्यात मर्ल हळूच म्हणाली, “अगं... हे बघितलंस?”

राखाडी नाव उजळलं होतं.

त्याने पत्ते टाकले नाहीत. बरोबरी केली. मग वाढवलं. मग आमच्या तिघांच्या चकत्या ओढून नेल्या.

“कुमा,” मिर्को म्हणाला. “समजतं मला. पण त्याच्या नावाने तू खेळू नकोस. हे बरं नाही.”

“मी नाही खेळत.”

“मग त्याचा टॅब कुणाकडे आहे?”

“अर्गिरोने नेला.”

पलीकडे खुर्ची सरकली. “अर्गिरो इथेच आहे,” मिर्को म्हणाला. “जेवायला आलीय. माझ्यासमोर बसलीय ती.” मग तिचा आवाज लांबून आला, “टॅब माझ्या घरी कपाटात आहे, काका. बंद पडलाय. का? काय झालं?”

तेवढ्यात पुढचा डाव वाटला गेला, आणि लेफ्तेरिसने सगळं लावलं.

“मी उठतो,” मिर्को म्हणाला. “देवाशपथ, मी उठतो.” त्याचं नाव राखाडी झालं आणि आवाजही गेला. पाठोपाठ मर्लही टेबलावरून उठली. फोन मात्र तिने ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता.

आता खेळात आम्ही दोघंच. माझ्या हातात दोन राजे होते. लेफ्तेरिसच्या उरलेल्या चकत्या सगळ्या मधे. मी बरोबरी केली तर बहुतेक तो हरणार, आणि त्याचं नाव जाणार.

तेव्हा भिंतीतून ते ऐकू आलं. दोनच सूर. खाली, वर... खाली, वर...

“मर्ल,” मी म्हणाले, “तो गुणगुणतोय.”

“म्हणजे?”

मी तिला सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं ते.

“त्याच्या हातात काही नाही, हे त्याला माहीत आहे,” ती मग म्हणाली. “आणि तरी त्याने सगळं लावलंय. ऐक पोरी, वॉर्डात मी फार माणसं बघितली. काही जण थांबतात. घरच्यांनी ‘जा’ म्हणेपर्यंत थांबतात. तो तुला फसवत नाही गं. मागतोय. बरोबरी कर, बघ त्याचे पत्ते आणि जाऊ दे त्याला.”

माझं बोट पडद्यावर होतं. भिंतीपलीकडे तो गुणगुणत होता, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच ते घर मला घर वाटत होतं. एकदा बोट टेकवलं की तो आवाज मला पुन्हा कधी ऐकू येणार नव्हता.

मी राजे टाकून दिले.

त्याने आपले पत्ते उघडे करून दाखवले. दुरी आणि सत्ती. यापेक्षा वाईट पत्ते पोकरमध्ये नाहीत. दाराआडून ओरडणं मात्र आलं नाही.

पुढच्या डावात त्याने पुन्हा सगळं लावलं. मी पुन्हा टाकलं. मग पुन्हा.

“असं करू नकोस,” मर्ल म्हणत होती. “अगं, नको करूस असं...” मी तिचा फोन बंद केला.

नंतर मी मागच्या खोलीचं दार उघडलं. खुर्ची रिकामी. वर तीन महिन्यांची धूळ, तिच्यावर कसलाच डाग नाही, वळ नाही. मी दाराला डोकं टेकून त्याला हाका मारल्या. मग तिथेच बसून रडले.

मिर्को आता खेळत नाही. मर्ल फोन करते, मी उचलत नाही. रविवारी दुपारी मी टेबल पुसते, मागचं दार लावते आणि बसते. तो प्रत्येक डावात सगळं लावतो. मी प्रत्येक डावात टाकते. दर फेरीला माझ्या थोड्या चकत्या त्याच्याकडे जातात. आता माझ्याकडेच थोड्या उरल्यात. त्या संपल्या की नाव माझं जाईल, हे मला कळतं. अर्गिरोने तिकीट पाठवलंय. मी ते फोनमध्ये उघडूनही बघितलेलं नाही.

मधल्या एका रविवारी गुणगुणणं थांबलं. त्यानंतर दुसरा आवाज येऊ लागला, आणि तो खेळ थांबल्यावरही थांबत नाही. ओपलवाल्याच्या बायकोला तो आवाज कुणी सांगावा लागत नाही. यंत्राचा नव्हे, हातातल्या छोट्या कुदळीचा. दोन घाव, मग विसावा. तो असाच खणायचा.

काल माझ्या खुर्चीसमोर, डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीला भोक पडलेलं दिसलं. करंगळी जाईल एवढं. टेबलावर खाली दगडाचा बारीक भुगा. मी मागच्या खोलीत जाऊन पलीकडून बघितलं. तिथे भिंत अखंड आहे. हात फिरवून बघितला, साधी चीरही नाही.

बुजवायला गिलावा कालवला होता. तो भांड्यातच वाळला. मग मी मेणबत्ती लावली आणि भोकासमोर धरली. बंद पडलेल्या खाणीत उतरण्याआधी आमच्याकडे असंच बघतात, हवा आहे की नाही ते. ज्योत भोकाकडे ओढली गेली. थांबली. मग सावकाश माझ्याकडे झुकली. पुन्हा तिकडे. पुन्हा माझ्याकडे.

माझ्याच श्वासाने हलत असेल, म्हणून मी श्वास रोखून धरला. ज्योतीची लय बदलली नाही.