फुकट घेतलेली कानस

त्या जपानी रायफलीत आम्हाला निव्वळ दोनशे डॉलर सुटणार होते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी मला वेडी म्हणायला नको. वेड्या बाईचा हिशेब इतका चोख नसतो.

घडलं ते खरं आहे. पश्चिम पेन्सिल्व्हेनियातल्या आमच्याच घरात, हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात. माझ्या नवऱ्याला, लाइलला विचारा. तो त्यावर बोलत नाही, पण नाहीही म्हणत नाही.

लाइलला जुनी लष्करी रायफल हवी होती. स्वस्त, नेमबाजीला बरी, भिंतीवर शोभेल अशी. रशियन स्वस्तात मिळत होती, पण गोळी भरायला तिचा बोल्ट उघडायचा तर हातोडी लागायची. स्विस फार देखणी. किंमत ऐकून त्याने ती झोपलेलं बाळ ठेवावं तशी हळूच जागेवर ठेवली.

मग कळलं, की आमच्या गावातल्या इर्माबाई कोस्टेलनिक घरातलं सामान विकताहेत. त्यांच्या वडिलांनी महायुद्धातून आणलेली रायफल दिवाणखान्यात टांगलेली होती. नळी आतून स्वच्छ. आणि नळीच्या मुळाशी कोरलेलं शेवंतीचं फूल.

ते जपानच्या सम्राटाचं चिन्ह. ते शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून शरण जाण्याआधी जपानी सैनिकांनी बहुतेक रायफलींवरून घासून टाकलेलं असतं. घासलेली रायफल दोनशेला जाते, फूल शाबूत असलेली चारशेला.

इर्माबाईंना हे ठाऊक नव्हतं. लाइलला होतं. त्याने माझ्या पायावर पाय दिला.

"दोनशे," इर्माबाई म्हणाल्या.

"पाकळीवर ओरखडा आहे," मी म्हणाले. खरंच होता, कानशीचा एकच. "दोनशे द्यायचे तर वर काहीतरी द्या. बाहेर कोंबड्यांच्या खुराड्यात एक छोटी कानस बघितली मी."

"ती वेगळी जायची आहे."

"का?"

"बाबा ती घरात आणू देत नसत. रायफल घरात, कानस खुराड्यात. ते म्हणायचे, तो जपानी फूल घासायला बसला होता आणि मी दोन्ही वस्तू त्याच्या हातातून ओढून घेतल्या. त्याचं काम अर्धंच राहिलं."

"मग आता कोंबड्या करणार आहेत का ते काम?"

लाइल हसला. इर्माबाई हसल्या नाहीत. पण गिऱ्हाईक सोडवतही नव्हतं.

कानस फुकट मिळाली.

हे पैसे घर तापवणाऱ्या भट्टीच्या दुरुस्तीसाठी राखलेले होते. म्हणून माझी अट होती: डिसेंबरभर मनसोक्त गोळ्या झाड, जानेवारीच्या प्रदर्शनात चारशेला विक, आणि भट्टी दुरुस्त कर. तोवर स्वेटर घालून बसू. लाइल कबूल झाला. रायफल तळघरातल्या कामाच्या बाकावर ठेवली, कानस बाकाच्या खणात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवायला बसलो...

खर्र...

मग काही नाही.

खर्र...

"भट्टी," लाइल बटाटे वाढून घेत म्हणाला.

"भट्टी बंद आहे, लाइल. तिच्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

आम्ही खाली गेलो. रायफल होती तिथेच. कानस खणातच.

फुलाची एक पाकळी मात्र... गुळगुळीत झाली होती.

मी बाकावरून पांढरा रुमाल फिरवला. पोलाद घासलं तर बुकणी पडायला हवी. रुमाल स्वच्छ निघाला.

आमचा कुत्रा ड्यूक जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिला. त्यानंतर तो कधीच खाली उतरला नाही.

तिसऱ्या संध्याकाळी आणखी दोन पाकळ्या गेल्या.

"व्हर्ना, परत देऊन टाकू," लाइल म्हणाला.

"आता तिचे दोनशे कोण देणार?"

"अगं, माझे केस उभे राहिलेत."

"उभे राहायला उरलेत कुठे?"

मी कानस गाडीत कुलूपबंद केली. संध्याकाळी आवाज आलाच. खाली जाऊन खण ओढला...

कानस तिथेच होती. गार. इतकी गार, की बोटाला चिकटली.

लाइलला घाम फुटला. मला राग आला.

पैसे मी मोजले होते. थंडीत कुडकुडत मी बसले होते. आणि कुणीतरी न विचारता माझी भट्टी घासून संपवत होतं. मी जेवणाचं ताट घेऊन खाली गेले आणि शेवटच्या पायरीवर बसले.

"हे बघा," मी बाकाकडे बघून म्हणाले, "तुमची असेल ती पूर्वी. आता माझी आहे. जे काय करायचं ते माझ्यासमोर करा."

मी काटा उचलला.

मग... खर्र. माझ्या डोळ्यांदेखत. बाकापाशी कुणी नव्हतं, खण बंद होता, आणि फुलावर एक चकचकीत रेघ उमटली.

मी घास गिळला. उठले नाही.

रोज जेवायला तिथेच बसू लागले. मी बोलले की आवाज थांबायचा, ऐकून घ्यायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. घाई नाही, भीती नाही. खरं सांगू? असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. आरशातली सोडून.

आठवड्याच्या शेवटी फूल संपलं. आवाजही थांबला.

खण उघडला तर कानस नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इर्माबाईंचा फोन. आवाज कापत होता.

"बाबांच्या थडग्यावर कुणीतरी... तुम्ही या जरा."

थडग्यावर सरकारने दिलेली पितळी पाटी आहे. हुद्दा शाबूत. जन्म-मृत्यूच्या तारखा शाबूत. नाव तेवढं गेलेलं. खरवडलेलं नव्हे, नीट, सफाईने घासलेलं. आणि पाटीखाली करड्या बुकणीचा छोटा ढीग.

"बुकणी पितळेची असेल," लाइल पुटपुटला.

आमची बुकणी अजून सापडलेली नव्हती, म्हणून घरातून निघताना मी फ्रिजवरचा लोहचुंबक खिशात टाकला होता. तो ढिगाजवळ नेला.

बुकणी उडून चिकटली. पितळ नव्हे, पोलाद.

इर्माबाई चुंबकाकडे बघत राहिल्या. "मी म्हटलं होतं ना," त्या हळूच म्हणाल्या, "ती वेगळी जायची आहे."

मी चुंबक रुमालात गुंडाळून खिशात टाकला.

तर हिशेब असा. इर्माबाईंना दोनशे मिळाले. आमच्याकडे दोनशेला घेतलेली, दोनशेचीच रायफल आहे, म्हणजे नफा शून्य. भट्टी अजून बंद आहे. भरपाई केली ती इर्माबाईंच्या बाबांनी, नाव देऊन. मला वाटलं, खातं बंद झालं.

काल संध्याकाळी जेवताना पुन्हा...

खर्र...

या वेळी आवाज तळघरातून नव्हता. बाहेरून होता, फाटकाजवळच्या टपालपेटीकडून.

पेटीवर आमचं आडनाव आहे, स्टॅम्बॉ, पितळी अक्षरांत. पहिलं अक्षर गेलंय.

लाइल म्हणतो, आत्ताच्या आत्ता रायफल नदीत टाक. मी टाकणार नाही. रोख मोजून घेतलेली वस्तू आहे ती.

आज मी नवीन अक्षरं लावली. पितळेची नाही, जाड पोलादाची. अठरा डॉलर पडले.

ते मात्र पूर्ण मोजले, वर काही फुकट मागितलं नाही.